कागदी चिलखत : प्रस्तावना

इ.स. १०४० मध्ये चीनच्या सुंग दरबाराने दक्षिणेकडच्या प्रांतांना एक हुकूम पाठवला. शान्शीच्या सरहद्दीवर किल्ले राखणाऱ्या धनुर्धाऱ्यांसाठी तीस हजार चिलखते तयार करा, आणि ती कागदाची करा. त्याच्याही आधी, नवव्या शतकात, शू शांग नावाच्या थांग अधिकाऱ्याने आपल्या हजार सैनिकांना घड्या घातलेल्या कागदाची चिलखते दिली होती. जोरकस बाणही ती भेदू शकत नसे, अशी नोंद त्या राजवटीच्या इतिहासात सापडते. पुढे तेराव्या शतकात छुआनचौ बंदराचा कारभार पाहणाऱ्या चन त-श्यू याने आपल्याकडच्या शंभर लोखंडी चिलखतांपैकी पन्नास देऊन टाकली आणि त्यांच्या बदल्यात कागदी घेतली. जहाजावर, दमट हवेत, अंगावर लोखंड वागवण्यापेक्षा त्याला ती सोयीची वाटली असणार.

घरी बसून वेशभूषेसाठी चिलखत करायला शिकवणाऱ्या पुस्तकाची सुरुवात सैन्याच्या हुकमापासून करतो आहे, कारण एक समज आधीच दूर व्हायला हवा. शाळेच्या स्नेहसंमेलनापासून हौशी नाट्यसंस्थेपर्यंत सगळीकडे कागदाकडे नाइलाजाचा माल म्हणून पाहिले जाते: पत्रा परवडत नाही, चामडे मिळत नाही, तर घ्या कागद. माझे म्हणणे वेगळे आहे. कागद हा आपल्या नियमांनी वागणारा माल आहे. ते नियम ओळखून काम केले तर तो पत्र्याला जमत नाही अशा गोष्टी करतो, आणि त्याच्यावर पत्र्याचे नियम लादले तर पहिल्याच तालमीत फाटतो.

मात्र चिनी सैनिकाचे चिलखत आणि आपण करणार आहोत ते चिलखत यांत मोठा फरक आहे. मिंग काळातल्या एका टिपणात लढाईच्या कागदी चिलखताची कृती येते. मऊ कागद कुटून आणखी मऊ करायचा, त्याचे तीन इंच जाडीचे थर रचायचे, प्रत्येक चौरस इंचात चार खिळे मारायचे. ओला झाला की तो बंदुकीलाही दाद देत नाही, असे तो लेखक सांगतो. म्हणजे ते चिलखत मऊ होते आणि मार जिरवून घेत होते. आपले चिलखत खळीने चिकटवलेले, कडक आणि पातळ असते. ते काहीही अडवत नाही. लाठी, दांडपट्टा किंवा तलवारीच्या खऱ्या सरावात ते अंगावर चढवून कोणी उतरू नये, हे इथेच ठासून सांगतो. त्याची कामे तीन: दुरून धातू दिसणे, आकार न सोडणे आणि आतल्या माणसाला हालचाल करू देणे. तिसरे काम सगळ्यांत अवघड.

आता हा कडकपणा येतो कुठून ते पाहू. कागद म्हणजे वनस्पतींच्या तंतूंची जाळी. कारखान्यात कागद तयार होताना बहुतेक तंतू एका दिशेला झोपतात, म्हणून वर्तमानपत्र एका बाजूने सरळ फाटते आणि दुसऱ्या बाजूने वेडेवाकडे. एक थर उभा आणि पुढचा आडवा लावला की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. प्लायवूडमागेही हेच तत्त्व आहे. त्यापुढची गोष्ट खळीची. कागदाच्या चार पट्ट्या नुसत्या एकावर एक ठेवून वाकवल्या तर त्या एका पट्टीच्या चौपट विरोध करतात, कारण वाकताना त्या एकमेकींवरून घसरतात. त्याच चार पट्ट्या एकजीव चिकटवल्या तर घसरायला वाव राहत नाही आणि विरोध चौसष्टपट होतो. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो, एवढे शाळेतले गणित इथे पुरते. म्हणूनच कुठे एक फुगा राहिला, खळीवाचून एक कोपरा सुटला, तर तिथे चौसष्टपटीचे पुन्हा चौपट होते आणि चिलखत नेमके तिथेच मोडते. त्यात वक्रता आली की ताकद आणखी वाढते. सपाट पुठ्ठा वाकतो. त्याच पुठ्ठ्याला छातीचा बाक दिला आणि मधोमध उभी कणी काढली की तो दाबाला दाद देत नाही.

ही ताकद किती असू शकते याचा दाखला दुसऱ्या महायुद्धात मिळाला. इंग्लंडहून उडणाऱ्या अमेरिकन लढाऊ विमानांना १०८ गॅलनच्या जादा पेट्रोलटाक्या लावत, त्या कागदाच्या होत्या. खाकी क्राफ्ट कागदाचे थर रेझिनच्या सरसाने चिकटवून त्या बनवत. पेट्रोल त्यांत काही तासच टिकायचे, म्हणून उड्डाणाच्या थोडेच आधी भरायचे, आणि टाकी रिकामी झाली की वाटेत सोडून द्यायची. शत्रूच्या हाती धातू लागत नसे.

या कलेत दोन जुनी घराणी आहेत आणि तिसरे अलीकडचे. पहिले लगद्याचे. काश्मीरचे काम सर्वांना ठाऊक आहे. तिथे कागद भिजवून, कुटून, तांदळाच्या पेजेत मळून साच्यावर थापतात. या घडणीच्या कामाला सख्तसाझी म्हणतात आणि पुढच्या रंगकामाला नक्काशी. आपल्या घरांतही हे घराणे नांदत होते. जुन्या बायका भिजवलेल्या कागदात मेथी वाटून घालत आणि बांबूच्या सुपाटोपल्या त्या लगद्याने लिंपत. मेथीमुळे चिकटपणा येई आणि कीडही लागत नसे. अलीकडे अमेरिकेतल्या जॉनी गुड यांनी लगद्यात भिंतीला भरायची लांबी (पुट्टी), फेव्हिकॉलसारखा गोंद आणि मैदा घालून मातीसारखा मळता येणारा गोळा लोकप्रिय केला. लगद्यात बारीक नक्षी उठते: सिंहाचे तोंड, कमळ, कडेची वेलबुट्टी. पण तो जड असतो, वाळताना आकसतो, आणि मोठ्या पातळ पृष्ठभागावर तडकतो. अख्खे छातीकवच लगद्याचे करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. नक्षीपुरता तो उत्तम.

दुसरे घराणे थरांचे, आणि हे पुस्तक मुख्यतः त्याचेच आहे. १७७२ मध्ये बर्मिंगहॅमच्या हेन्री क्ले याने कागदाचे ताव खळीने एकावर एक चिकटवून, भट्टीत वाळवून कडक फळ्या करण्याचे पेटंट घेतले. त्या फळ्या घोडागाड्यांच्या बाजूंना बसत, तबकांसाठी वापरल्या जात, आणि लाकडासारख्या करवतीने कापता येत. पण थरांचे सगळ्यांत जिवंत काम मला आपल्याच देशात दिसते. पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यातले चरिदा हे छाऊ नृत्याच्या मुखवट्यांचे गाव. मातीचा साचा करायचा, त्यावर बारीक राख भुरभुरायची म्हणजे कागद साच्याला चिकटत नाही, मग पातळ खळीत बुडवलेल्या मऊ कागदाचे आठ-दहा थर लावायचे. त्यावर माती आणि कापड, मग घोटकाम, आणि वाळले की साचा काढून घ्यायचा. हा मुखवटा घालून नर्तक हवेत उड्या मारतो आणि गुडघ्यांवर आदळतो. इतका मार खाणारी वस्तू हलकी आणि चिवट असावीच लागते.

महाराष्ट्रात याच जातीचे काम जव्हार-मोखाड्याकडे आहे. तिथल्या बोहाड्यात गणपती, नरसिंह, रावण, त्राटिका अशी सोंगे संबळाच्या तालावर रात्रभर नाचत येतात. मुखवटे पूर्वी लाकडाचे कोरत. आता पुष्कळ कागदाचे असतात. जड लाकूड चेहऱ्यावर बांधून नाचणे आणि हलका कागद बांधून नाचणे यांत किती अंतर आहे, ते नाचणाऱ्याच्या मानेला विचारावे. वेशभूषेचे शिक्षण घेणाऱ्या प्रत्येकाने निदान एक बोहाडा पाहावा. मुखवट्याच्या आतली बाजू, कपाळाला टेकणारी कापडाची गादी, बांधायच्या दोऱ्यांची जागा हे सगळे पिढ्यांच्या वापरातून ठरलेले असते, आणि चिलखत करणाऱ्याला त्यातला प्रत्येक उपाय उपयोगी पडतो.

जपानचा उल्लेख टाळून पुढे जाता येत नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या सरदारांना रणांगणात दुरून ओळखू येईल असे शिरस्त्राण हवे होते. साध्या लोखंडी टोपावर कागद, लाकूड आणि कातडे यांचे थर चढवून, वर लाखेसारखा उरुशीचा लेप देऊन कारागीर शिंपला, माशाचे शेपूट, उंच टोपी असे आकार उभे करत. डोके लोखंड सांभाळायचे आणि रुबाब कागद. रंगभूमीवरच्या चिलखताचा विचार करताना मला हीच विभागणी सगळ्यांत उपयोगी वाटत आली आहे.

तिसरे घराणे घडीचे. जपानच्या तामा सॉफ्टवेअरने काढलेल्या पेपाकुरा डिझायनर या प्रोग्रामने संगणकातली त्रिमितीय आकृती उलगडून सपाट कागदावर छापायची सोय केली. जाड कार्डशीटवर तुकडे छापायचे, कापायचे, आकड्याला आकडा जुळवत चिकटवायचे, की शिरस्त्राण उभे राहते. 'हेलो' या व्हिडिओ गेमच्या नायकाचे चिलखत जगभरच्या तरुणांनी असेच घडवले. या छंदाची मुळे मात्र बरीच जुनी आहेत. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात मर्टल डग्लस यांनी शिवलेले भविष्यकाळातले पोशाख घालून त्या स्वतः आणि फॉरेस्ट अ‍ॅकरमन वावरले. 'कॉस्प्ले' हा शब्द जपानी पत्रकार नोबुयुकी ताकाहाशी यांनी १९८०च्या दशकात रूढ केला, आणि २०११ पासून भारतात कॉमिक कॉन भरू लागल्यावर आपल्याकडची मुलेही घरच्या घरी कवचे करू लागली.

घडीच्या घराण्याने अचूकपणा आणला, पण एक वाईट सवयही आणली. कार्डशीट पातळ, म्हणून तिला कडक करायला बाहेरून पॉलिस्टर रेझिन आणि आतून काचतंतू लावायची पद्धत पडली. या रेझिनच्या वाफा घातक असतात, आणि काचतंतूची धूळ फुप्फुसात जाते. दोन खोल्यांच्या घरात, मास्कशिवाय, शेजारी धाकटे भावंड अभ्यास करत असताना हे काम होऊ नये. म्हणून या पुस्तकात रेझिन नाही. घडीने आकार उभा करायचा आणि त्यावर कागदाचेच आडवे-उभे थर चढवायचे, अशी दोन घराण्यांची सांगड मी घातली आहे. वजन थोडे वाढते, वेळ बराच लागतो, पण घरातल्या कोणाला खोकला येत नाही. ज्यांना फोमच्या शीटचे काम आवडते त्यांनी ते जरूर करावे. त्याची पुस्तके वेगळी आहेत.

हे पुस्तक मराठीत का, याला मुख्य कारण चिलखतांचेच आहे. बाजारातले नमुने युरोपातल्या सरदारांचे किंवा परग्रहावरच्या सैनिकांचे असतात. शिवजयंतीच्या मिरवणुकीत किंवा ऐतिहासिक नाटकात ते घालता येत नाहीत. मग भाड्याचे कपडे देणाऱ्यांकडून एकाच मापाचे चकचकीत प्लॅस्टिक येते आणि दहा वर्षांचा मावळा रोमन शिपाई दिसतो. आपल्याकडची खरी सामग्री वेगळी होती: कड्यांचे चिलखत, कापूस भरून टाचलेले अंगरखे, जिरेटोप, हाताला दस्ताने आणि छातीपाठीला चार आईना. यांतला चार आईना कागदासाठी सगळ्यांत सोयीचा आहे. छाती, पाठ आणि दोन कुशी अशा चार पाट्या, कुशीच्या पाट्यांना काखेची खाच, आणि सगळे पट्ट्यांनी बांधलेले. पाट्यांना हलका बाक असतो, खोल वक्रता जवळजवळ नसते, त्यामुळे नवख्यालाही पहिल्या प्रयत्नात हा जमतो. कड्यांचे चिलखत मात्र कागदाला साधत नाही, आणि ते साधायचा हट्टही करू नये. विलायती रंगभूमीवर जाड दोरा विणून त्याला चंदेरी रंग देत. सुतळीने आपल्यालाही तेच करता येते. मूळ वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काम सुरू करू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराचे पोलादी चिलखत आणि ढाल आहे, पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही शस्त्रांचे दालन आहे. नक्षीआधी पट्टे कुठे अडकवले आहेत ते बघा.

दुसरे कारण आपल्या हवेचे. परदेशी पुस्तकांत 'रात्रभर वाळू द्या' असे लिहिलेले असते. कोकणात जुलैमध्ये रात्रभर ठेवलेल्या खळीला बुरशी येते. पावसाळ्यात हे काम करायचेच असेल तर एका वेळी दोनच थर लावायचे, पंख्याखाली जाळीवर ठेवायचे आणि मधूनमधून पालथे घालायचे. कडक उन्हात ठेवले तर बाहेरची बाजू आधी आकसते आणि पाटी वळते. वाळले की नाही ते बोटांना थंड लागते का यावरून कळते, आणि टिचकी मारून तर नक्कीच कळते: ओला थर बद्द वाजतो, वाळलेला ठणकन. खळीचेही आपले शास्त्र आहे. एक वाटी मैदा गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, चार वाट्या उकळत्या पाण्यात ओतायचा आणि पांढरेपणा जाऊन काचेसारखी चमक येईपर्यंत ढवळत राहायचे. आपल्याकडचे बाइंडर खळीत मोरचूद टाकतात, त्याने कीड लागत नाही. पण मोरचूद विषारी आहे; जे मुलांच्या अंगावर, घामाला लागून बसणार आहे त्यात तो घालू नये. मेथीची पूड पुरेशी होते. कागद शक्यतो किराणा दुकानातला खाकी घ्यावा, त्याचे तंतू लांब असतात. वर्तमानपत्र मधल्या थरांना चालते. आणि तुकडे कात्रीने न कापता हाताने फाडावेत, म्हणजे कडा विरळ होतात आणि जोड उठून दिसत नाही.

तिसरे कारण काळाचे. २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदी आली, थर्माकोलची सजावटही तिच्यात सापडली, आणि शाळा-मंडळांची कितीतरी कामे एकदम अडली. ढाली, मुकुट, तोफा, किल्ल्याचे बुरूज सगळे थर्माकोलचे असायचे. त्या जागी काय आणावे असे शिक्षक विचारू लागले, तेव्हा उत्तर प्रत्येक घरात रद्दीच्या गठ्ठ्यात पडलेले होते. मुलांच्या हाती हे काम द्यावे असे मला मनापासून वाटते. चिलखत करताना मूल आपले शरीर मोजायला शिकते. वाकल्यावर पोट कुठे घडते, तलवार दोन्ही हातांनी धरताना दंड छातीसमोर किती येतात, बसल्यावर मांडी कुठे टेकते, हे सगळे त्याला ठरवावे लागते. खऱ्या लोहारांनीही हेच ठरवले होते. छातीकवच नैसर्गिक कमरेवर, बेंबीच्या किंचित वर संपवायचे, काखेची खाच वाटते त्यापेक्षा खोल घ्यायची, आणि खांदेकवच छातीला पक्के न जोडता वरून पट्ट्यावर लोंबते ठेवायचे. नवखा माणूस कवच लांब करतो, कारण लांब कवच भारदस्त दिसते, आणि मग प्रवेशात सिंहासनावर बसायची वेळ आली की ते थेट हनुवटीला लागते.

पुस्तकाचा भर या शरीराच्या बाजूवर आहे. नक्षीची सुंदर पुस्तके पुष्कळ आहेत, म्हणून तिथे मी थोडक्यात आटोपले आहे. कडांवर मात्र एक संपूर्ण प्रकरण खर्ची घातले आहे, कारण कागदी चिलखत मधे क्वचितच मोडते; ते कडेला उकलते, तिथून घाम शिरतो, आणि थर सुटू लागतात. अरुंद पट्ट्या कडेवरून आत-बाहेर दुमडून लावल्या, वर लाखेचे पॉलिश दिले, की तीच वस्तू अनेक प्रयोग निघते. रंगाबद्दलही मी आग्रही आहे. चंदेरी डबा आणून सरसकट फासला की पोलाद दिसत नाही, चॉकलेटचा कागद दिसतो. आधी काळा रंग द्यावा, वाळू द्यावा, मग पेन्सिलीच्या शिशाची पूड कापडाच्या बोळ्याने चोळावी आणि घोटावी. उंचवटे उजळतात, खाचा काळ्या राहतात, आणि दिव्याखाली पाटीला थंड, निळसर झाक येते. ती झाक शेवटच्या रांगेपर्यंत पोचते.

प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही, पण पहिले काम मनगटाच्या दस्तान्याचे करावे. वस्तू लहान, साचा म्हणून स्वतःचाच हात, वर पातळ प्लॅस्टिक गुंडाळलेले, आणि चुकले तर गेला तो एक दिवस. त्यानंतर चार आईना, मग जिरेटोप, आणि शेवटी खांदे. मापे घेताना आतले कपडे अंगावर असू द्या, पूर्ण श्वास भरून छाती मोजा, आणि त्यात दोन बोटांची सैल जोडा. मुलांसाठी मापे घेत असाल तर पट्ट्यांना तीन-तीन भोके ठेवा. पुढच्या वर्षी तेच चिलखत त्याच मुलाला, नाहीतर धाकट्या बहिणीला, पुन्हा घालता येईल.